अमावास्येच्या दुपारी चंद्र कुठं असतो

आमच्या घरातला फ्रिज, पप्पांची स्कूटर आणि माझा बालवाडीतला प्रवेश, तिन्ही अमावास्येचे आहेत.

पप्पांचं लक्ष्मीपुरीत दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान आहे. ते माझ्या अज्जांनी, म्हणजे पप्पांच्या वडिलांनी, अमावास्येलाच उघडलं होतं. अज्जा सीमेजवळच्या एका गावातून कोल्हापुरात आले. त्या गावात निम्मी माणसं घरात कानडी बोलतात आणि बाजारात मराठी. तिकडच्या आमच्यासारख्या शैव घरांत अमावास्येचं वावडं नाही. त्या दिवशी देवापुढं नारळ फुटतो, दुकानाच्या उंबऱ्याची पूजा होते आणि काही नवीन आणायचं असेल तर ते त्याच दिवशी आणलं जातं. बाकीचं कोल्हापूर त्या दिवशी खरेदी टाळतं, त्यामुळे शोरूम रिकामं असतं. पप्पा म्हणायचे, "अवसेला गेलं की सेल्समन च्या पाजतो, पंखा लावतो, वर आपलं सगळं ऐकून घेतो. पाडव्याला जाऊन बघ, कोण इचारतंय का."

आईला हे कधीच पटलं नाही. तिचं माहेर आजऱ्याचं. तिच्या माहेरी अमावास्येला कुणी प्रवासालासुद्धा निघत नाही. पप्पांनी स्कूटर आणली त्या संध्याकाळी तिनं गुपचूप हँडलला लिंबू-मिरची बांधली. पप्पांनी ती पाहिली आणि सोडली नाही. आमच्या घरात मतभेद असेच मिटतात; कुणीच काही बोलत नाही.

अमावास्येनंतर दुसऱ्या संध्याकाळी मात्र आई मला न चुकता गच्चीवर न्यायची. बीजेची कोर दिसली की पदराचा एक धागा ओढून काढायचा, चंद्राच्या दिशेनं सोडायचा आणि म्हणायचं, "जुनं घे, नवं दे." मी शाळेच्या युनिफॉर्मच्या हेममधून धागा काढायचे. पप्पा या कामाला कधी वर आले नाहीत. दिवसभर दोऱ्याच काढतोय की, असं म्हणायचे.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीभोवती आठ चंद्र काढलेले असायचे. त्यातला सूर्याच्या बाजूचा चंद्र पूर्ण काळा होता आणि त्याला 'न्यू मून' म्हणायचे. परीक्षेत मी ती आकृती बरोबर काढायचे, पण मनात अशीच समजूत होती की अमावास्येच्या रात्री चंद्र आकाशात असतो, फक्त त्याचा दिवा विझलेला असतो. बाईंना विचारलं असतं तर कळलं असतं. पण मी विचारणाऱ्या मुलींपैकी नव्हते. उत्तर येत असलं तरी मी हात वर करायचे नाही, आणि उभं केलंच तर बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, मोठ्यानं बोल. प्रगतिपुस्तकात दर वर्षी तोच शेरा. माझा आवाज मुळातच बारीक आहे. तो वाढवायला गेलं की माझाच मला परका वाटतो.

पुढं कॉलेजात असताना मी फोनवर एक ॲप घेतलं. त्यात चंद्राची कला, तो पृथ्वीपासून किती लांब आहे आणि आत्ता आकाशात कुठं आहे, हे बाणानं दाखवतात. तेव्हा पहिल्यांदा कळलं की अमावास्येचा चंद्र रात्रीचा नसतोच. तो सूर्याबरोबर उगवतो, सूर्याच्या शेजारून दिवसभर चालत जातो आणि सूर्याबरोबर मावळतो. त्याची वाट किंचित तिरकी आहे, म्हणून बहुतेक वेळा तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून जातो, आणि ग्रहण लागत नाही. कुणाला कळतसुद्धा नाही की तो गेला. मला ही गोष्ट फार आवडली. कुणाला सांगितली नाही, पण आवडली.

मी लोकांचे कान तपासते. त्याचं रीतसर शिक्षण घेतलं, काही वर्षं दुसऱ्या शहरात एका हॉस्पिटलात काम केलं आणि मग परत येऊन शिवाजी पेठेत एका तालमीसमोर छोटा गाळा भाड्यानं घेतला. लोकांना वाटतं, एवढी गप्प मुलगी दिवसभर अनोळखी माणसांशी कसं बोलत असेल. पण माझ्या कामात बोलणं कमी आणि बघणं जास्त आहे. ज्याला कमी ऐकू येतं तो माणूस ते लपवतो, आणि लपवणं मला लांबून ओळखू येतं.

पप्पांचं खरं तर मला मास्कच्या दिवसांतच कळायला हवं होतं. गिऱ्हाइकाला ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "पावणं, जरा मास्क खाली घ्या की." आम्हाला वाटलं, त्यांना माणसाचा चेहरा बघितल्याशिवाय धंदा जमत नाही. त्यांना ओठ बघायचे होते. नंतर मास्क गेले, पण पप्पांची नजर लोकांच्या ओठांवरच राहिली. पूर्वी काथ्याचा नवा दोर आला की ते त्याला पीळ देऊन कानाशी धरायचे. कोरडा दोर करकरतो, ओल धरलेला गप्प राहतो. आता ते फक्त बोटांनी चाचपून बघायचे.

वयानं कान जातात तेव्हा बहुधा बारीक आवाज आधी जातात. जाड आवाज, गाड्या, तालमीतल्या पोरांचा दंगा, सगळं ऐकू येत राहतं. त्यामुळे माणसाला वाटतं, आपले कान चांगले आहेत, लोकच पुटपुटतात. आमच्या घरात पुटपुटणारी मी होते.

गाळ्याचा करार झाला त्या रात्री जेवताना मी ते पप्पांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "हं, झकास." दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालताना त्यांनी विचारलं, "त्या गाळ्याचं काय झालं गं? काय बोलली न्हाईस." किती दिवसांपासून माझ्या बोलण्याला ते नुसतेच हं, झकास म्हणत होते, कोण जाणे. आम्ही दोघं एकमेकांशी फार बोलणारे कधीच नव्हतो, पण जे थोडं होतं तेही एका बाजूनंच चाललं होतं.

दिवसाकाठी मी किती माणसांना सांगते, तुमचे कान तपासायला हवेत. पप्पांना सांगता येईना. एकदा आडून विचारून बघितलं, तर म्हणाले, "मला काय झालंय? मोटर बंद करायची ऱ्हायली की खालनं ऐकू येतं मला." त्यावर आईनं विषय बदलला. ज्या माणसानं चार लोकांसमोर आयुष्यभर भाव सांगितला, त्याला चार लोकांसमोर बहिरं म्हणणं शक्य नव्हतं. ते एकटे असतानाच करायला हवं होतं. कुणी बघत नसताना.

म्हणून मी उद्घाटनाला अमावास्या निवडली.

कार्तिकातली अमावास्या होती. मी हिशेब असा केला होता, की अमावास्या म्हटल्यावर मैत्रिणी येणार नाहीत, डॉक्टर मंडळी येणार नाहीत, शेजारचे दुकानदार येणार नाहीत. सकाळी पूजा होईल, आई स्वयंपाकाला घरी जाईल आणि गाळ्यात मी आणि पप्पा दोघंच उरू. मग मी सहज म्हणेन, मशीन नवीन आहे, बरोबर चालतंय का बघायचंय, जरा बसा.

पप्पांना तारीख सांगितली तेव्हा ती मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अज्जाची नात शोभतीस बघ," ते म्हणाले. आई आतून म्हणाली, "वर्षातले बाकीचे दिवस काय संपले होते?"

निमंत्रणाचे मेसेज पाठवले. उत्तरं हवी तशीच आली. नक्की येणार, पण त्या दिवशी अमावास्या ना, दुसऱ्या दिवशी आलं तर चालेल का? चालेल, मी प्रत्येकीला लिहिलं. लिहिताना हातात इतका उत्साह होता की आई म्हणाली, "हसतीस कशाला एकटीच?"

त्या दिवशी सकाळी पप्पांनी पूजा केली, नारळ फोडला, उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं. आईनं पर्समधून लिंबू-मिरची काढून शटरला बांधली. पप्पांनी समोरच्या तालमीकडं बघत ते न बघितल्यासारखं केलं. मग आई पुरणाचं बघायला घरी गेली.

गाळ्यात मागच्या बाजूला तपासणीची केबिन आहे. प्लायवूडची, आतून जाड फोम लावलेली, पुढं दुहेरी काच. आत माणूस हेडफोन लावून बसतो, हातात बटण धरतो. बाहेर मी मशीनवर एकेक आवाज सोडते. ऐकू आला की बटण दाबायचं, बास. पप्पा केबिनच्या दाराची बिजागरी तपासत होते. मी फोन उघडला. बाण दक्षिणेकडं, वर, सूर्याला अगदी खेटून. उजळलेला भाग शून्य टक्के.

"पप्पा," मी वर बोट करून म्हणाले, "आत्ता चंद्र वर आहे."

त्यांनी वर बघितलं. "चालू हाय की," ते म्हणाले. वर पंखा फिरत होता.

मी खुर्ची पुढं ओढली. आता म्हणायचं, असं ठरवलं. जरा बसा. एवढेच दोन शब्द होते. तेवढ्यात बाहेर वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं भरणारी, जीप थांबली, तिचं दार आपटलं, आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा आवाज आला, "ह्येच न्हवं गं? कान तपासायचं दुकान?"

पप्पांची थोरली बहीण. माझी अत्ती. तिच्या मागून तिचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणते, आणि मग गावाकडची अशी बरीच माणसं उतरत राहिली. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या पिशवीत शेंगा, एका काकूच्या डोक्यावर चक्क उसाची मोळी.

"अत्ती, तुम्ही आज?" मी विचारलं.

"आज न्हाय तर कवा? अवस हाय. बैलास्नी जू न्हाय, मग माणसास्नी तरी कशाला? देवाला जाऊन आलो, तिथनं सरळ हिकडं. तुझ्या पप्पानं फोन केल्ता, पोरीनं अवसेला दुकान काढलंय म्हणून. साऱ्या गावाला सांगितलंय मी."

मी डोक्याला हात लावला नाही एवढंच. आमच्या गावाकडं अमावास्येला बैल जुंपत नाहीत. शेतं बंद असतात. सगळी माणसं मोकळी असतात आणि देवाला, पाहुण्यांकडं, कोल्हापूरला निघतात. लहानपणी त्याच दिवशी आमच्या घरी पाहुण्यांची पंगत बसायची, आणि मी माळ्यावर पुस्तक घेऊन लपायचे. हे मला माहीत होतं. दिवस निवडताना मी शहराची अमावास्या मोजली आणि घरची विसरले.

अत्तीनं केबिनच्या काचेला नाक लावून आत बघितलं. "ह्यात बसायचं? एस्टीडीचं खोकं वाटतंय की गं. फोन कुणाला लावू?"

"शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं," मी सांगितलं.

"एवढंच? मग मी पयली." ती साडी सावरून आत बसली. हेडफोन अंबाड्यावरून नीट बसवायला वेळ लागला. मी अगदी बारीक आवाज सोडला. तिनं बटण दाबलं. त्याहून बारीक सोडला. दाबलं. या वयात असे कान मी क्वचित बघितले होते. घरातली सगळ्यात मोठ्यानं बोलणारी बाई, आणि कान तरण्या पोरीसारखे.

ती बाहेर आली आणि जाहीर केलं, "पयला नंबर." मग सगळ्यांनाच बसायचं होतं. रांग लागली. जत्रेत पाळण्याला लागते तशी. बाहेर आलेला विचारायचा, माझं किती पडलं, आणि मी आलेख दाखवला की तो दुसऱ्याच्या आलेखाशी लावून बघायचा. मामा बराच वेळ आत बसले आणि बटण फार थोड्या वेळा दाबलं.

"ह्येंला माझं ऐकू येत न्हाय, शिट्टी कुठली ऐकू येतीया," अत्ती म्हणाली.

मामा हेडफोन काढत शांतपणे म्हणाले, "तुझं ऐकू येत हुतं काचेतनं. म्हणून तर शिट्टी गावली न्हाय."

मला गर्दीची भीती वाटते. पण त्या दुपारी ती वाटायला वेळच मिळाला नाही. माणूस आत गेला, दार लागलं, की काचेपलीकडं तो आणि अलीकडं मी, दोघंच. आत गेलेला प्रत्येक जण एकदम गप्प व्हायचा, खाली बघून कान देऊन ऐकायचा. मोठमोठ्यानं बोलणारी माझी सगळी माणसं त्या खोक्यात एकेक करून लहान मुलासारखी बसली.

पप्पा मात्र चहाचे कप घेऊन फिरत होते. रांग जवळ आली की ते लांब जायचे. शेवटी रांग संपली.

"आणि दुकानदार? ह्यो ऱ्हायला की," अत्ती म्हणाली.

"माझं काय त्यात," पप्पा म्हणाले. "घरचंच मशीन हाय. कवाबी बघता येईल."

"मग आम्ही काय यडी म्हणून बसलो व्हय? बस गप. ह्येबी बसलं, तू कोण लागून गेलास?"

सगळे हसले. पप्पाही हसले, कप माझ्या टेबलावर ठेवला, आणि आत जाऊन बसले. मी दार लावलं.

जाड आवाजांना त्यांनी बटण दाबलं. मग मी बारीक आवाजांकडं गेले. तरीही बटण दाबलं जात होतं, अगदी वेळेवर. मला क्षणभर वाटलं, मी चुकले, एवढ्या दिवसांचा सगळा माझा भ्रम होता. मग माझ्या लक्षात आलं, की पप्पा माझ्या हाताकडं बघत होते. मी आवाज सोडायला बोट हलवलं की त्यांचं बोट हलत होतं. गिऱ्हाइकाचे ओठ वाचावेत तसे ते माझं बोट वाचत होते.

मी आलेखांची फाइल उचलली आणि माझा हात आणि काच यांच्यामध्ये उभी ठेवली. त्यांनी ते बघितलं. काचेतून आम्ही एकमेकांकडं बघितलं. मीही लपवणारीच; त्यांचं लपवणं मला ओळखू आलं होतं, आणि माझंही त्यांना ओळखू आलं असणार. मग पप्पांनी डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर बटण खरं बोलायला लागलं. मी आवाज सोडत गेले, वाढवत गेले, आणि ते स्वस्थ बसून राहिले, मान किंचित तिरकी करून, दोराला कान द्यायचे तसे. कागदावरची रेघ उजवीकडं, बारीक आवाजांकडं, जाता जाता खाली घसरत गेली.

ते बाहेर आले तेव्हा एक काकू ओरडली, "दुकानदाराचं किती पडलं?"

"पप्पांचा कागद नंतर काढते," मी म्हणाले. "शाई संपलीय."

कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. शेंगा सोलल्या जात होत्या. फक्त अत्ती माझ्याजवळ सरकली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा हळू आवाज ऐकला. "लई दिवसांचं हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"मला ठावं हुतं. तशी मी जल्माची मोठ्या आवाजाची, पर त्याच्यासाठी आणि एक पट्टी चढवलीया. फोनवर वरडून वरडून गळा बसतोय माझा." मग तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला रे, जीपवाला हॉर्न मारतोय."

ते गेले तेव्हा ऊन तालमीच्या मागं गेलं होतं. पप्पा कप विसळत होते. मी फोन बघितला. बाण पश्चिमेला, क्षितिजाजवळ आला होता. चंद्र दिवसभर आमच्या डोक्यावरून गेला होता आणि दिसला नव्हता, तो अंधारामुळे नाही, उजेडामुळे. मी त्यांना रिकाम्या खोलीत बसवायला निघाले होते. रिकाम्या खोलीत ते बसले असते का, हे आता मला कधी कळणार नाही.

मी आलेख घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याच्यावर वापरून बघायला देतात ते कानात घालायचं मशीन ठेवलं आणि ड्रॉवर थोडा उघडा ठेवला. पप्पांनी तिकडं बघितलं. हात पुसले. घरी जेवताना आई म्हणाली, "निभावलं एकदाचं." पप्पा म्हणाले, "हं, झकास."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी आल्या, डॉक्टर आले, पुष्पगुच्छ आले. सगळ्यांनी विचारलं, काल कुणीच आलं नसेल ना? मी म्हणाले, घरचे होते.

त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी मी बंद करायच्या तयारीत होते, तेव्हा पप्पा आले. दुकानातून सरळ आले होते, शर्टाला सुतळीचे तंतू चिकटलेले. खुर्चीवर बसले, इकडंतिकडं बघितलं, गाळ्यात कुणी नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "त्या ड्रॉवरातलं बघू."

मी मशीन त्यांच्या आलेखाप्रमाणे लावलं आणि कानात बसवलं. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून चुरगळला, कानाजवळ नेला, पुन्हा चुरगळला. मग उठून बाहेर गेले आणि शटर ओढायला लागले.

माझ्याकडं त्यांची पाठ होती. समोर तालमीच्या छपरावर आभाळ अजून फिकट होतं आणि त्यात बीजेची कोर होती, नखाएवढी, खाली झुकलेली. मी त्यांच्या मागोमाग येऊन पायरीवर उभी होते. आवाज वाढवला नाही.

"पप्पा, चंद्र दिसतोय."

त्यांचा हात कुलपावर थांबला. त्यांनी वळून माझ्या ओठांकडं बघितलं नाही. सरळ पश्चिमेकडं बघितलं.

"दिसतोय की, तालमीच्या वर," ते म्हणाले. "आणि जरा हळू बोल. कानात वाजतंय."

मला हळू बोल म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

पप्पांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग शर्टाला चिकटलेला सुतळीचा एक तंतू चिमटीत धरून काढला आणि आई गच्चीवर सोडते तसा कोरेकडं सोडला. वारा नव्हता. तंतू पायरीवरच पडला.

"काय म्हणायचं असतं गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, माझ्याच आवाजात. त्यांनी ऐकलं आणि तसंच म्हटलं.